वेगळी घरं कितपत वेगळी?

‘खाण तशी माती’ आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या दोन्ही म्हणी आपण एकाच माणसाबद्दल बिनदिक्कत वापरतो. व्यवहारात ते खपून जातं. शास्त्राला मात्र खाणीचा वाटा किती आणि शेजाराचा किती हे मोजायचं असतं, आणि नेहमीच्या कुटुंबात हे दोन्ही इतके गुंतलेले असतात की मोजणार काय? आईबाप मुलाला जनुकं देतात आणि घरही देतात. गवयाच्या मुलाचा गळा चांगला असला तर तो रक्तातून आला की पहाटे कानावर पडणाऱ्या रियाजातून, हे त्या एका घराकडे पाहून सांगता येत नाही.

फ्रान्सिस गाल्टनने १८७५ साली जुळ्यांवर निबंध लिहून या प्रश्नाला हात घातला. एकबीज आणि द्विबीज जुळ्यांची तुलना करण्याची पद्धत १९२४ च्या सुमारास, जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान सीमेन्स यांच्या कामातून रूढ झाली. पण तिथेही एक अडचण होतीच: जुळी एकाच घरात वाढत होती. म्हणून संशोधकांची नजर वळली ती जन्मतः किंवा तान्हेपणी ताटातूट झालेल्या, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांकडे.

या पद्धतीमागचा तर्क साधा आहे. एकबीज जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ तंतोतंत सारखा. एक मूल या घरी दत्तक गेलं, दुसरं त्या घरी, आणि त्या दोन घरांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसला, तर मोठेपणी दोघांत जे साम्य उरेल ते जनुकांच्या खात्यावर टाकता येतं. अशा पुष्कळ जोड्या गोळा करायच्या, प्रत्येकाचा बुद्ध्यंक मोजायचा आणि जोडीदारांमधला सहसंबंध काढायचा. तो ०.७० आला, तर त्या गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकांपैकी ७० टक्के फरक आनुवंशिक. इथे गुणांकाचा वर्ग करायचा नसतो. सांख्यिकीचं पहिलंवहिलं पुस्तक वाचलेला विद्यार्थी या जागी हमखास अडखळतो.

हा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे: दोन घरांचा एकमेकांशी संबंध नसला पाहिजे. या संशोधनात आजवर जे जे वाद पेटले ते बुद्धी, वंश आणि राजकारण यांच्या नावाने पेटले. माझ्या मते त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हीच अट आहे. वेगळी म्हटलेली घरं खरोखर किती वेगळी होती?

सुरुवातीचे अभ्यास

पहिला मोठा अभ्यास शिकागोचा. न्यूमन, फ्रीमन आणि होल्झिंगर या तिघांनी १९३७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. अशी जुळी शोधणं महाकठीण, आणि सापडली तरी दूरवरून शिकागोला आणायची कशी? त्या वेळी शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते फुकट दाखवण्याचं आमिष संशोधकांनी दाखवलं. अशा रीतीने १९ जोड्या मिळाल्या. आपण जुळ्यासारखे दिसत नाही असं ज्यांनी कळवलं त्यांना मात्र बाजूला ठेवलं गेलं. एकबीज-द्विबीज ठरवायला तेव्हा जनुकीय चाचणी नव्हती, म्हणून हे समजण्याजोगं आहे. पण त्यामुळे नमुना साम्याच्या बाजूला झुकला, हेही खरं.

त्या १९ जोड्यांतली एक जोडी वेगळं काढून पाहण्यासारखी आहे. दोघी बहिणी. एकीचं दत्तक कुटुंब कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या एका आडवळणी भागात राहायला गेलं आणि तिसरीनंतर तिची शाळा सुटली. दुसरी पदवीपर्यंत शिकली, शिक्षिका झाली. दोघींच्या बुद्ध्यंकांत २४ गुणांचा फरक निघाला, शिकलेलीच्या बाजूने. ही एकटीदुकटी जोडी अपवाद म्हणून सोडून देता आली असती. पण तिघा संशोधकांनी प्रत्येक जोडीतल्या शैक्षणिक संधींच्या तफावतीला गुण दिले आणि त्यांची बुद्ध्यंकातल्या तफावतीशी तुलना केली, तेव्हा सहसंबंध ०.७९ निघाला. म्हणजे शाळेतलं अंतर वाढलं की जुळ्यांतलं अंतरही वाढत होतं.

इंग्लंडमध्ये जेम्स शील्ड्स यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरून आवाहन करून जुळी मिळवली आणि १९६२ साली ४४ विभक्त जोड्यांचा अभ्यास छापला. शील्ड्स प्रामाणिक लेखक. प्रत्येक जोडीची हकिकत त्यांनी परिशिष्टात सविस्तर दिली, आणि पुढे टीकाकारांना सगळा दारूगोळा तिथूनच मिळाला. एका जोडीतला एक भाऊ आईबापांकडे आणि दुसरा आजीकडे वाढला होता, पण फळबागांच्या एकाच गावात, एकाच शाळेत. दुसऱ्या जोडीत दोन आत्यांनी एकेक मूल घेतलं होतं. त्या कोळशाच्या खाणीच्या एका गावात शेजारीशेजारी राहत आणि पोरांचा राबता दोन्ही घरांत सारखा. तिसऱ्या जोडीतल्या मुली काही शे यार्डांवर वाढल्या. पाचव्या वर्षी शाळेत त्या आपोआप एकमेकींना चिकटल्या, आणि मग मोठ्यांना खरं सांगावं लागलं. आपल्याकडे मामाकडे वाढलेल्या मुलाला कुणी ‘वेगळ्या वातावरणातला’ म्हणणार नाही. शील्ड्स यांच्या यादीत तो बसला असता.

प्रिन्स्टनचे लिऑन कॅमिन यांनी १९७४ साली हे परिशिष्ट बारकाईने वाचून जोड्यांचे दोन गट पाडले. दोन्ही मुलं नात्यातल्याच घरांत वाढलेल्या २७ जोड्यांमध्ये बुद्धिचाचणीचा सहसंबंध ०.८३ होता, परक्या घरी गेलेल्या १३ जोड्यांमध्ये तो ०.५१ होता. तेरा हा आकडा लहान आहे, आणि कॅमिन यांची राजकीय भूमिका आधीपासून ठरलेली होती, हे दोन्ही मान्य. तरीही आकडे शील्ड्स यांचेच आहेत.

मग इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ सर सिरिल बर्ट. ५३ जोड्या, तोवरचा सर्वांत मोठा संच. आणि दोन घरांच्या सामाजिक दर्जात काहीच संबंध नाही असा दावा करणारा हा एकमेव. वर सांगितलेली अट पुरी करणारा अभ्यास हाच होता, म्हणून १९६९ साली मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांच्यासारख्यांनी त्याचा भक्कम आधार घेतला. १९५५ साली जोड्या होत्या २१ आणि सहसंबंध ०.७७१. १९५८ साली जोड्या तीसच्या वर गेल्या, सहसंबंध ०.७७१. १९६६ साली ५३ जोड्या, आणि तरीही ०.७७१. नमुना अडीचपट होतो आणि तिसऱ्या दशांश स्थळावरचा आकडा हलत नाही, असं प्रत्यक्ष मोजणीत घडत नाही. बर्ट १९७१ साली वारले होते. १९७६ साली ‘संडे टाइम्स’मध्ये ऑलिव्हर गिली यांनी बर्ट यांच्या दोन सहकारी लेखिकांचा माग लागत नसल्याचं छापलं, आणि १९७९ साली बर्ट यांचे अधिकृत चरित्रकार हर्नशॉ यांनीही लबाडीचे आरोप मान्य केले. नंतर बर्ट यांची बाजू घेणारी पुस्तकं आली; लबाडी की गलथानपणा यावर वाद घालता येईल. पण तो संच आता कुणी पुरावा म्हणून वापरत नाही. ज्या एका अभ्यासात घरं पूर्णपणे वेगळी होती, तो नेमका भरवशाचा नव्हता.

मिनेसोटा

१९७९ साली ओहायो राज्यातल्या दोन भावांची बातमी वर्तमानपत्रांत आली. तान्हेपणी वेगळ्या घरी गेलेले हे दोघे ३९ व्या वर्षी भेटले होते. दोन्ही घरांनी मुलाचं नाव जेम्सच ठेवलेलं. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव एक, दुसरीचंही एक. लहानपणच्या कुत्र्याचं नावसुद्धा एकच. मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बुशार्ड यांनी त्या दोघांना बोलावून घेतलं, आणि तिथून वीस वर्षं चाललेला प्रकल्प उभा राहिला. त्यात एकंदर १३७ जोड्या तपासल्या गेल्या: ८१ एकबीज, ५६ द्विबीज. प्रत्येक जोडी आठवडाभर राही आणि सुमारे पन्नास तास चाचण्या चालत. हृदयाचे आलेख, फुप्फुसांची ताकद, बोटांचे ठसे, बुद्धी, स्वभाव, आवडीनिवडी, धार्मिकता, सगळं मोजलं जाई.

लोकांच्या लक्षात राहिले ते कुत्रं आणि बायकांची नावं. शास्त्रीय दृष्टीने हा सर्वांत कुचकामी पुरावा आहे. बायकोच्या नावाचं जनुक नसतं, आणि त्या पिढीच्या अमेरिकेत ती नावं गल्लोगल्ली होती. एकाच वयाच्या, एकाच देशातल्या कुठल्याही दोन पुरुषांना आठवडाभर शेकडो प्रश्न विचारा. चकित व्हावं असं काहीतरी निघतंच, फक्त त्याची बातमी होत नाही. शिवाय जी जुळी फारच सारखी असतात तीच ओळखली जातात, चुकून एकमेकांच्या नावाने हाक ऐकतात आणि त्यातूनच भेटतात.

खरा ऐवज १९९० साली ‘सायन्स’मध्ये छापलेल्या कोष्टकात आहे. बोटांच्या ठशांतल्या रेषांचा सहसंबंध वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांत ०.९७ आणि एकत्र वाढलेल्यांत ०.९६. उंचीचा ०.८६ आणि ०.९३. वजनाचा ०.७३ आणि ०.८३. स्वभावाच्या प्रश्नावलीचा सरासरी ०.५० आणि ०.४९. प्रमुख बुद्धिचाचणीचा ०.६९ आणि ०.८८.

स्वभावाची ओळ थक्क करणारी आहे. एका छताखाली, एकाच ताटात जेवून वाढल्याने जुळ्यांचे स्वभाव जास्त सारखे होत नाहीत. ‘आम्ही दोघांना अगदी सारखं वाढवलं’ असं म्हणणाऱ्या पालकांनी यावर विचार करावा. स्वीडन आणि फिनलंडमधल्या अभ्यासांतही घराचा हा वाटा लहानच दिसला, म्हणून हा निष्कर्ष मला पक्का वाटतो. बुद्धीची ओळ मात्र निराळी आहे. ०.८८ आणि ०.६९ यांच्यात जी दरी आहे, ती एकत्र घराने भरून काढलेली दिसते. बुशार्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सुमारे ७० टक्के’ हा आकडा पुढे केला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला. शेजारच्या स्तंभातल्या ०.८८ कडे कुणी वळून पाहिलं नाही.

आता अटीकडे येऊ. या जुळ्यांची ताटातूट सरासरी पाचव्या महिन्यात झाली होती आणि पुनर्भेट सुमारे तीस वर्षांनी. शील्ड्स यांच्यापेक्षा हे कितीतरी चोख. तरी चाचणीपूर्वीचा एकमेकांशी संपर्क सरासरी ११२ आठवड्यांचा होता, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. दत्तक घरं किती सारखी होती याचाही हिशेब मांडला गेला होता आणि बुद्ध्यंकातल्या साम्यात त्या सारखेपणाचा वाटा अगदी थोडा ठरवला गेला. अभ्यासकांनी स्वतःच एक महत्त्वाची मर्यादा नोंदवली: यांतलं क्वचितच कुणी खऱ्या दारिद्र्यात किंवा निरक्षर पालकांच्या हाताखाली वाढलं होतं. ही मर्यादा लेखात राहिली, मथळ्यांत आली नाही. दुसरी एक उणीव अशी: द्विबीज जुळ्यांचे बुद्ध्यंकाचे आकडे त्या लेखात नव्हते. तुलनेचा तो गट हाताशी असून दिला नाही, हे टीकाकारांना खटकलं आणि मलाही खटकतं. प्रकल्पाला पायोनियर फंडाचा पैसा मिळत होता, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या संशोधनाशी त्या फंडाचं नातं जगजाहीर होतं. पैशामुळे आकडे खोटे ठरत नाहीत. संशय मात्र वाढतो.

एक काल्पनिक हिशेब

दत्तक संस्था चिठ्ठ्या टाकून मुलं वाटत नाही. ती पालकांचं उत्पन्न पाहते, घर पाहते, व्यसन आहे का विचारते. त्यामुळे दत्तक घरांमधली तफावत समाजातल्या एकूण तफावतीपेक्षा कमी असते. शिवाय एकाच संस्थेतून गेलेल्या दोन मुलांना एकाच धर्माची, एकाच थरातली घरं मिळण्याचा संभव जास्त. या दोन गोष्टींनी आकडा किती हलतो ते पाहू.

समजा, संपूर्ण समाजात एखाद्या गुणातल्या १०० भाग फरकांपैकी ५० जनुकांमुळे, ३० घरामुळे आणि २० इतर कारणांनी पडतात. जुळी अगदी नशिबावर हवाली करून वाटली, तर सहसंबंध ०.५० येईल आणि उत्तर बरोबर येईल. आता दत्तक संस्थेच्या चाळणीमुळे घरांतली तफावत ३० वरून १० वर आली असं धरा. एकूण फरक उरला ८०. त्यात जनुकांचे ५०. आणि जुळ्यांची दोन घरं निम्म्याने सारखी असली, तर घराच्या १० पैकी ५ भागही साम्यात मिसळतात. ५५ भागिले ८०, म्हणजे ०.६९.

हा आकडा मिनेसोटाच्या आकड्याशी जुळावा म्हणून मी गृहीतकं सोयीने निवडली आहेत, हे उघड आहे. तिथे प्रत्यक्षात हेच घडलं असं यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की ५० टक्के आणि ७० टक्के ही दोन वास्तवं कोष्टकात एकाच आकड्याने दिसू शकतात, आणि त्यातलं कुठलं खरं हे घरांच्या माहितीशिवाय सांगता येत नाही. त्यात गर्भाशयाची भर वेगळीच. जुळी नऊ महिने एकाच घरात काढतात, आणि एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांशांचं बाह्य गर्भावरण आणि वारही एकच असते.

आणखी एक गल्लत नेहमीची आहे. सहसंबंध क्रम सांगतो, पातळी सांगत नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांचा याबाबतचा दृष्टान्त आपल्या मातीत असा मांडता येईल: एकाच पिशवीतलं ज्वारीचं बियाणं अर्धं काळ्या कसदार रानात आणि अर्धं मुरमाड माळावर पेरलं, तर प्रत्येक रानातली ताटं उंच की बुटकी हे बियाण्यावर ठरेल, पण दोन रानांतला फरक निव्वळ जमिनीचा. फ्रान्समधले दत्तक अभ्यास हे दुसरं रान दाखवतात. कॅप्रॉन आणि ड्युइम यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की, जन्मदात्यांचा थर कुठलाही असो, सुस्थितीतल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक गरीब घरी गेलेल्यांपेक्षा सुमारे १२ गुणांनी जास्त होता. स्वीडनमध्ये २०१५ साली ४३६ सख्ख्या भावांच्या जोड्या तपासल्या गेल्या. एक भाऊ जन्मदात्यांकडे, दुसरा दत्तक. अठरा ते वीस या वयात दत्तक गेलेल्याचा बुद्ध्यंक सरासरी ४.४ गुणांनी वर होता. एरिक टर्कहाइमर यांनी २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर दाखवलं की, अतिशय गरीब कुटुंबांत बुद्ध्यंकातल्या फरकांमध्ये जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर येतो. पुढे सगळ्याच देशांत ते तसं दिसलं नाही, पण दिशा विचार करायला लावणारी आहे.

मुद्दाम केलेली ताटातूट

न्यूयॉर्कच्या लुईझ वाइझ सर्व्हिसेस या ज्यू दत्तक संस्थेने साठच्या दशकात काही जुळी मुद्दाम वेगळी केली. संस्थेच्या सल्लागार मनोविकारतज्ज्ञ व्हायोला बर्नार्ड यांचं मत होतं की आईचं लक्ष विभागलं जाऊ नये, म्हणून जुळी वेगळी वाढलेली बरी. मनोविकारतज्ज्ञ पीटर न्यूबाउअर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला: घरी भेटी, चाचण्या, चित्रफिती. पालकांना सांगितलं होतं की हा दत्तक मुलांच्या वाढीचा नेहमीचा अभ्यास आहे. आपल्या मुलाला जुळं भावंड आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. १९६१ साली जन्मलेली तिळी भावंडं अशीच तीन वेगवेगळ्या आर्थिक थरांतल्या घरी दिली गेली. १९८० साली त्यांतला एकजण नव्या कॉलेजात पाऊल टाकतो तो अनोळखी मुलं त्याला दुसऱ्याच नावाने मिठ्या मारतात, आणि तिथून सगळं उघडकीला येतं. १९९५ साली तिघांतल्या एकाने आत्महत्या केली. त्यांच्यावरचा माहितीपट २०१८ साली आला.

घरं ठरवून वेगळी निवडायची आणि पहिल्या वर्षापासून मोजमाप ठेवायचं: कागदावर यापेक्षा चांगला आराखडा या क्षेत्राला मिळालेला नाही. हाती आलं काय? मुख्य निष्कर्ष कधीच छापले गेले नाहीत. कागदपत्रं येल विद्यापीठात २०६५ सालापर्यंत कुलूपबंद आहेत. अशा संशोधनाला ‘त्या काळची पद्धत’ म्हणून सूट देणारे अजूनही भेटतात. ती सूट मला मान्य नाही. त्याच काळात शील्ड्स आणि डेन्मार्कचे युएल-निल्सन हे परिस्थितीने दुरावलेली जुळी शोधून, त्यांना सगळं सांगून काम करतच होते.

अंतर वाढलं की

दत्तक कायदे आणि संस्थांचे नियम बदलले, भावंडं एकत्र ठेवण्याकडे कल आला, आणि वेगळी वाढलेली नवी जुळी आता योगायोगानेच सापडतात. पण जी सापडतात त्यांच्यातलं अंतर पूर्वीपेक्षा मोठं असतं. कोलंबियात १९८८ साली बोगोटातल्या एका रुग्णालयात दोन एकबीज जोड्यांतलं एकेक बाळ अदलाबदल झालं. त्यामुळे प्रत्येक जोडीतला एक राजधानीत वाढला, दुसरा सान्तान्देरमधल्या आडगावात, जिथे शाळा लवकर सुटली. चारही तरुणांना २०१४ च्या सुमारास खरं कळलं. हे दत्तक प्रकरण नव्हे, त्यामुळे दत्तक संस्थेची चाळणीही इथे नव्हती. नॅन्सी सीगल या मिनेसोटा प्रकल्पातून आलेल्या संशोधिकेने त्यांचा अभ्यास केला.

सीगल आणि यून-मी हुर यांनी २०२२ साली छापलेली कोरियन बहिणींची हकिकत तर शिकागो अभ्यासातल्या त्या शिक्षिकेची आणि तिच्या बहिणीची आठवण करून देणारी आहे. १९७४ साली जन्मलेल्या या जुळ्यांतली एक दोन वर्षांची असताना बाजारात आजीचा हात सुटून हरवली आणि शेवटी अमेरिकेतल्या कुटुंबात दत्तक गेली. चाळिशी उलटल्यावर डीएनए नोंदींमुळे दोघी भेटल्या. स्वभावाच्या चाचण्यांत विलक्षण साम्य, स्वाभिमानाच्या चाचणीत सारखेच गुण. बुद्ध्यंकात मात्र १६ गुणांचा फरक, कोरियात राहिलेलीच्या बाजूने; एकबीज जुळ्यांत तो सहसा सातच्या आसपास असतो. अमेरिकेत वाढलेलीला डोक्याला तीनदा मार बसला होता, तेव्हा सगळा फरक घराच्या किंवा शाळेच्या नावावर टाकता येत नाही. पण स्वभावात साम्य आणि बुद्ध्यंकात अंतर ही जोडगोळी १९९० च्या कोष्टकातल्या त्या दोन ओळींशी मिळतीजुळती आहे, आणि एका जोडीवरून याहून जास्त काही म्हणता येत नाही.